न मोजता ‘साधारण किती’ हे डोक्याला कसं कळतं, आणि मुलांचा अंदाज एवढा का चुकतो

एका पालकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा तिसरीत, पाढे पंधरापर्यंत पाठ, हातच्याची बेरीज नीट येते, पण ताटलीत शेंगदाणे किती असतील, ग्राउंडवर मुलं किती होती असं विचारलं की काहीही बोलतो, चाळीस दाण्यांना "पाचशे" आणि भरलेल्या हॉलला "पन्नास माणसं". मग ही अंदाजाची समज जन्मजात असते की शिकवावी लागते, न मोजता मेंदूला आकडा कळतो तरी कसा, आणि काळजी करायची का.

गणितात अडखळणाऱ्या मुलांची तपासणी करणं आणि त्यांना शिकवणं हेच माझं काम, त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात येतच असतो. आधी उत्तर सांगून टाकते, मग कारणं. "हे जास्त, ते कमी, हे खूपच जास्त" असं जाणवणं जन्मजात असतं आणि तुमच्या मुलातही ते बहुतेक अगदी शाबूत असणार. पण त्या जाणिवेला आकडा लावणं जन्मजात नसतं, ते सवयीने येतं, आणि ही सवय शाळेत सहसा कुणी लावत नाही कारण पेपरात अंदाजाला मार्क नसतात. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे एकदा लक्षात आलं की बाकी सगळं सोपं होतं.

आता मेंदूत काय होतं ते बघू. पहिली गोष्ट, तीन-चार वस्तूंपर्यंत आपण अंदाज करतच नाही, मोजतही नाही, बघितल्या बघितल्या कळतं. घरी करून बघा, मूठभर चिंचोक्यांतले थोडेसे उचलून ताटलीत टाका, एक क्षण बघा आणि लगेच हाताने झाका, किती होते ते सांगा, मग मोजा. तीन असले की चूक होणार नाही, चारला जवळजवळ नाही, पाचला कधीतरी होईल, सात-आठच्या पुढे तुम्ही "सात... नाही आठ, नऊ असतील" असं करायला लागाल. हाच प्रयोग इंग्लंडमध्ये स्टॅनली जेव्हन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने स्वतःवर केला होता, काळे दाणे डबीत फेकायचे आणि एका नजरेत आकडा सांगायचा, असं त्याने १०२७ वेळा केलं आणि १८७१ मध्ये ‘नेचर’मध्ये छापलं. त्यालाही हेच दिसलं, तीन आणि चारला एकही चूक नाही, पाचपासून चुका सुरू, आणि आकडा वाढेल तशा चुका वाढत गेल्या. पुढे वेळ मोजूनही लोकांनी हे तपासलं, चारच्या आत प्रत्येक जादा वस्तूमागे वेळ जेमतेम वाढतो, चारच्या पुढे मात्र मोजायला लागलं की दर वस्तूमागे पाव सेकंद किंवा त्याहून जास्त जातो.

चारच्या पुढे न मोजता जे कळतं तो खरा अंदाज, आणि त्याचा एक नियम आहे जो सगळीकडे लागू पडतो. आपल्याला फरक किती आहे ते जाणवत नाही, पट किती आहे ते जाणवतं. १० आणि २० दाण्यांच्या दोन ढिगांत कुठला मोठा हे कुणीही सांगेल, पण १०० आणि ११० मध्ये गडबड होईल, जरी दोन्हीकडे फरक दहाचाच आहे. हा नियम आकड्यांपुरता नाही, एकोणिसाव्या शतकात जर्मनीत अर्न्स्ट वेबरने हातात वजनं देऊन हेच दाखवलं होतं, हलक्या वजनात थोडी भर लगेच कळते, जड वजनात तेवढीच भर कळत नाही. उजेडाचं, आवाजाचंही तसंच.

आपण रोज बोलतो त्यातही हे स्पष्ट दिसतं. दोन-तीन म्हणतो, पाच-सहा म्हणतो, मग दहा-बारा, पंधरा-वीस, पन्नास-साठ, शे-दीडशे, हजार-बाराशे. आकडा जसजसा मोठा तसतशी मधली फट रुंद होत जाते, लग्नाला "एकशे तीन-एकशे चार माणसं होती" असं कुणी म्हणत नाही, म्हटलं तर समोरच्याला वाटेल की ह्याने मोजलीयत. हे कुणी व्याकरणात शिकवलेलं नाही, डोक्यातली जाणीव जेवढी अंधुक तेवढी फट आपण आपोआप सोडतो.

आणि हे जन्मापासूनचं आहे. अमेरिकेत फेई शू आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी २००० साली सहा महिन्यांच्या बाळांना परत परत ८ ठिपक्यांची चित्रं दाखवली, बाळं कंटाळली की मग १६ ठिपके दाखवले, लगेच बाळं जास्त वेळ बघायला लागली, म्हणजे काहीतरी बदललं हे त्यांना कळलं. पण ८ नंतर १२ दाखवले तर काही फरक नाही. म्हणजे सहा महिन्यांना दुप्पट कळते, दीडपट कळत नाही, ती नऊ-दहा महिन्यांच्या सुमाराला कळायला लागते. पुढे ही नजर बारीक होत जाते, तीन वर्षांच्या मुलाला साधारण ३ ला ४ एवढा फरक कळतो, पाच-सहा वर्षांच्या मुलाला ५ ला ६, मोठ्यांना साधारण ९ ला १०. इंटरनेटवर दहा हजारांवर लोकांची चाचणी घेतली गेली तेव्हा असं दिसलं की ही नजर तिशीपर्यंत सुधारत राहते आणि मग वयाबरोबर हळूहळू मंदावते. अगदी दोन-तीन दिवसांच्या बाळांवरही २००९ मध्ये प्रयोग झालाय, "तू-तू-तू-तू" असे ४ किंवा १२ आवाज ऐकवायचे आणि समोर ४ किंवा १२ आकृत्या, आवाज आणि आकृत्या जुळल्या की बाळं जास्त वेळ बघतात. म्हणजे ही जाणीव फक्त डोळ्यांची पण नाही.

प्राण्यांमध्येही ती आहे. आफ्रिकेत सेरेंगेटीच्या गवताळ माळरानात सिंहिणींना अनोळखी सिंहिणींच्या डरकाळ्या स्पीकरवर ऐकवल्या, एकीची डरकाळी असेल तर त्या चालून जायच्या, तिघींची असेल तर आपण किती जणी आहोत यावर ठरायचं. मेंदूत हे कुठे होतं तेही बऱ्यापैकी कळलंय, डोक्याच्या वरच्या मागच्या बाजूला पराइटल भागात एक खाच आहे, तिच्या आसपास. जर्मन शास्त्रज्ञ आंद्रेआस नीडर यांना माकडांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या ज्यांना जणू आपला आकडा ठरलेला असतो, चारवाली पेशी चारला जोरात पेटते, तीन आणि पाचला थोडी कमी, आठला फारशी नाही. पुढे बॉनमध्ये फिटच्या आजारासाठी मेंदूत इलेक्ट्रोड घातलेल्या पेशंटमध्येही, मेंदूच्या दुसऱ्या एका भागात, तशा पेशी दिसल्या, आणि २०२३ मध्ये असंही दिसलं की चारच्या आतल्या आकड्यांना ह्या पेशी नेमक्या असतात आणि चारच्या पुढे पसरट होत जातात. जेव्हन्सला दीडशे वर्षांपूर्वी दाणे फेकून जी सीमा दिसली तीच पेशीत सापडली, मला स्वतःला ह्या विषयातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

डोळा फसतो कुठे तेही माहीत असलेलं बरं, कारण अंदाज चुकला की आपण मुलालाच बोल लावतो. ठिपके एकसारखे पसरलेले असले तर जास्त वाटतात, घोळक्यात असले तर कमी वाटतात. दोन-दोन ठिपके रेघेने जोडले तर संख्या तेवढीच असून कमी वाटते. मोठ्या आकाराच्या वस्तू, जास्त जागा व्यापणाऱ्या वस्तू लहान मुलांना जास्त वाटतात. आणि सवयीचाही परिणाम होतो, दाट ठिपक्यांकडे एका जागी नजर खिळवून अर्धा मिनिट बघत राहायचं आणि मग त्याच जागी ३० ठिपके दाखवायचे, ते स्पष्ट कमी दिसतात, डेव्हिड बर आणि जॉन रॉस यांनी २००८ मध्ये हे दाखवलं आणि त्यावरून म्हटलं की रंग जसा दिसतो तशी संख्याही दिसते. काही संशोधक म्हणतात की हे संख्येचं नाही, दाटपणाचं किंवा एकूण पसाऱ्याचं आहे, तो वाद अजून चालू आहे आणि मला वाटतं थोडं दोन्हीकडे तथ्य आहे. पण घरच्या कामापुरतं एवढं लक्षात ठेवा की गर्दी दाट असली, ढीग मोठा असला की माणूस बहुतेक वेळा खरा आकडा असतो त्यापेक्षा कमी सांगतो, आणि आकडा जेवढा मोठा तेवढा जास्त कमी सांगतो. तुमचा मुलगा भरलेल्या हॉलला पन्नास म्हणाला, त्यात त्याचं एकट्याचं काही वेगळं नाही.

आता मुख्य मुद्दा. जाणीव आहे, पण "साठ" हा शब्द त्या जाणिवेला कसा चिकटतो?

मागे चौथीतली एक मुलगी आली होती, शाळेने "संख्यांची समजच नाही" असं लिहून पाठवलेली. तिला मी आधी दोन-दोन कार्डं दाखवत गेले, जेमतेम एक सेकंद, कुठल्यावर ठिपके जास्त एवढंच बोटाने दाखवायचं. १२ आणि १८, बरोबर. ३० आणि ४०, बरोबर. २० आणि २४, बरोबर. २० आणि २२ ला अडखळली, तिथे मीही अडखळते. मग एकेकच कार्ड ठेवलं आणि विचारलं किती असतील. ३० च्या कार्डाला म्हणाली "दहा", ६० च्या कार्डाला "वीस", ९० च्या कार्डाला बराच विचार करून "तीस?" आई शेजारी बसली होती, तिचा चेहराच पडला. पण जरा बघा ती काय सांगत होती, ६० ला तिने ३० च्या दुप्पट सांगितलं, ९० ला तिप्पट, एकही चूक नाही, फक्त सगळं एक तृतीयांश. तराजूचा काटा अगदी बरोबर हलतोय, फक्त तबकडीवर आकडे चुकीच्या जागी छापलेत. मग मी ३० चं कार्ड परत ठेवलं आणि सांगितलं, हे तीस आहेत, नीट बघून घे. आणि लगेच ६० चं दाखवलं. "मग हे... पन्नास, नाही साठ." ९० ला "ऐंशी". एका कार्डाने सगळा अंदाज जागेवर आला.

ही जादू नाही, मोठ्या माणसांवरही हेच होतं. व्हेरोनिक इझार्ड आणि स्टानिस्लास देहान यांनी फ्रान्समध्ये २००८ मध्ये मोठ्यांना ठिपके दाखवून अंदाज विचारले, साधारण सगळेच कमी सांगत होते. मग एकदाच ३० ठिपके दाखवून सांगितलं की हे तीस आहेत, तर फक्त तिसाचा नाही, लहान-मोठ्या सगळ्याच आकड्यांचा अंदाज सुधारला. आणि काहींना मुद्दाम चुकीचा आकडा सांगितला, तर त्यांचे सगळे अंदाज त्या बाजूला सरकले. एक खूणगाठ हलली की सगळी पट्टी हलते. तुमचा मुलगा चाळीसला पाचशे म्हणतो कारण त्याच्याकडे खूणगाठच नाही, "खूप" ह्या जाणिवेला त्याने ऐकलेला मोठा आकडा चिकटवलाय.

आकड्यांची नावं नसतील तर काय होतं हेही बघितलं गेलंय. ब्राझीलमध्ये अमेझॉनच्या जंगलात मुंडुरुकू नावाचे लोक आहेत, त्यांच्या भाषेत पाचपर्यंतच संख्यांना शब्द आहेत आणि तेही घट्ट नाहीत, चार म्हणजे कधी तीन कधी पाच. पियेर पिका आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये त्यांच्यासोबत काम केलं, ठिपक्यांच्या दोन ढिगांची बेरीज तिसऱ्या ढिगापेक्षा जास्त की कमी हे ते फ्रेंच लोकांइतकंच छान सांगायचे, मोठ्या आकड्यांनासुद्धा. पण सहातून चार गेले तर नेमके किती उरले इथे गडबड व्हायची. जाणीव सगळ्यांकडे सारखी, नेमकेपणा मात्र शब्दांनी आणि मोजण्याच्या सवयीने येतो.

याच लोकांना नंतर एक रेघ दिली, एका टोकाला १ ठिपका, दुसऱ्याला १०, मधले आकडे कुठे येतील ते दाखवायचं. त्यांनी लहान आकडे लांब लांब ठेवले आणि मोठे आकडे शेवटाला दाटीवाटीने. आपली लहान मुलं पण हेच करतात! रॉबर्ट सिगलर यांनी अमेरिकेत शेकडो मुलांना ० ते १००० ची रिकामी रेघ देऊन बघितलं, दुसरीतली मुलं १५० ला त्याच्या खऱ्या जागेच्या खूपच पुढे नेऊन ठेवतात, सहावीपर्यंत बहुतेकांची रेघ सरळ झालेली असते. आणि परत तीच गोष्ट, १५० ची खरी जागा एकदा दाखवली की पुष्कळ मुलांचे बाकीचे आकडेही एकदम जागेवर येतात. आपण मोठे लोक ह्यातून सुटलेलो नाही. एका टोकाला एक हजार आणि दुसऱ्या टोकाला शंभर कोटी लिहा आणि घरात सगळ्यांना विचारा दहा लाख कुठे येतील. खूपजण मधोमध बोट ठेवतात. खरं तर ते हजाराला चिकटूनच येतात, शंभर कोटीत दहा लाख म्हणजे हजारातला एक भाग. बजेटच्या बातम्या वाचताना लाख कोटी आणि हजार कोटी आपल्याला सारखेच वाटतात ते ह्यामुळे.

मग हे सुधारलं की गणित सुधारतं का, हा पुढचा प्रश्न पालक विचारतातच, आणि इथे मी जरा सावधपणे बोलणार आहे कारण बाजारात ठिपक्यांचे गेम आणि "ब्रेन ट्रेनिंग"वाले खूप झालेत. २००८ मध्ये जस्टिन हॅलबर्डा आणि सहकाऱ्यांनी १४ वर्षांच्या ६४ मुलांची ही ठिपक्यांची नजर मोजली तर ती त्यांच्या अगदी बालवाडीपासूनच्या गणिताच्या मार्कांशी जुळत होती, त्याचा खूप गाजावाजा झाला. पुढे ढीगभर अभ्यास झाले, ते सगळे एकत्र करून २०१७ मध्ये हिशोब मांडला तेव्हा ठिपक्यांच्या नजरेचा गणिताशी संबंध ०.२४ एवढाच निघाला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण), आणि लिहिलेल्या आकड्यांची तुलना, म्हणजे ७ मोठा की ९ हे किती पटकन कळतं, त्याचा ०.३०. दोन्ही मध्यमच, पण आकड्यांचा जास्त.

आपल्याकडचा एक फार चांगला प्रयोग आहे. दिल्लीत ‘प्रथम’ संस्थेच्या २१४ बालवाड्यांतल्या १५४० मुलांवर तो झाला, एस्थर डुफ्लो आणि स्पेल्की त्यात होत्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना काही महिने ठिपक्यांचे, आकारांचे खेळ खेळवले, आकडे न वापरता. त्या मुलांची ठिपक्यांची आणि आकारांची नजर सुधारली आणि वर्षभरानंतरही टिकून होती. पण पहिलीत गेल्यावर शाळेच्या गणितात त्यांना टिकाऊ फायदा दिसला नाही. मला ह्यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही, उलट नेमकं काय करायचं ते कळतं. नुसती नजर घासून उपयोग नाही, नजर आणि आकडा यांच्यातला पूल बांधायला हवा. त्यामुळे नुसते ठिपके दाखवून जास्त-कमी विचारणाऱ्या ॲपला पैसे देऊ नका.

पूल बांधायचा म्हणजे काय, तर अंदाज करायचा, मोठ्याने आकडा बोलायचा, आणि लगेच मोजायचं. तिन्ही हवं. आपण फक्त पहिलं करतो, "सांग किती असतील", त्याने सांगितलं की हसतो आणि विसरतो, खरा आकडा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. मटार सोलताना एका शेंगेत किती असतील, उघडायच्या आधी सांग, उघड, मोज. शेंगदाण्याची एक मूठ, आधी अंदाज, मग दहा-दहाचे ढीग करून मोजायचं. दहाचे ढीग करणं महत्त्वाचं आहे, कारण एकेक करत चाळीसपर्यंत गेलेल्या मुलाला चाळीस दिसतच नाहीत, फक्त ऐकू येतात, पण चार ढीग शेजारी शेजारी दिसले की चाळीस "एवढे" हे डोळ्यात बसतं. आणि चारच्या आतलं आपल्याला एका नजरेत कळतं म्हणून लहान गटसुद्धा कामाला येतात, सात विस्कटलेले दाणे ओळखता येत नाहीत पण चार आणि तीन असे मांडले की लगेच येतात.

एक-दोन खूणगाठी पक्क्या करा. त्याच्या वर्गात मुलं किती हे त्याला माहीत असेल, समजा पन्नास, तर हॉलमध्ये गेल्यावर "तुझा वर्ग इथे किती वेळा बसेल" असं विचारा, "किती माणसं" विचारू नका. दोन मिनिटांत तो पन्नासवरून चारशेवर येईल, आणि ते त्याचं स्वतःचं उत्तर असेल.

पोटापाण्यासाठी अंदाज करणारे लोकही हेच करतात, नुसत्या नजरेवर कुणी विसंबत नाही. पाणपक्षी मोजणारे लोक थव्यातले आधी दहा किंवा पन्नास नीट मोजतात, तेवढा तुकडा डोळ्यात धरतात आणि तो थव्यावर किती वेळा बसतो ते बघतात. गर्दीचंही तसंच, १९६७ मध्ये बर्कलीत हर्बर्ट जेकब्स नावाच्या पत्रकारितेच्या प्राध्यापकाने सभेच्या फोटोवर चौकोन आखून ही पद्धत मांडली, मोकळ्या गर्दीत माणशी दहा चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, त्याने क्षेत्रफळाला भागायचं, आज दिसणारे गर्दीचे बरेच आकडे त्याच रीतीने निघतात. आपल्याकडे महसूल खातं पिकाची पैसेवारी काढतं, म्हणजे पूर्ण पीक शंभर पैसे धरलं तर यंदाचं किती पैसे, ते बघा, खरिपाला आधी नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, आणि शेवटी अंतिम, जी पीक कापणी प्रयोगावरून ठरते, म्हणजे ठरावीक मापाचा तुकडा खरंच कापून, मळून, वजन करून. ५० पैशांच्या खाली की वर यावर गावाला सवलती मिळतात की नाही ते ठरतं, तिथे नुसत्या नजरेवर ठेवणं परवडणारच नाही. नजर, आकडा, मोजणी, आणि परत नजर सुधारणं. शेतकऱ्याच्या मुलाला हे सांगितलं की लगेच पटतं.

रेघेचा खेळ पण खेळा, फरशीवर खडूने लांब रेघ, एका टोकाला ०, दुसऱ्याला १००, आणि आकडा सांगून त्याला जिथे असेल तिथे उभं राहायला सांगा, मग मध्य कुठे, पाव कुठे हे दोघांनी मिळून काढा. सापशिडीसुद्धा चांगली आहे, अट एकच. सोंगटी २३ वर असेल आणि चार पडले तर "एक, दोन, तीन, चार" म्हणत पुढे जायचं नाही, "चोवीस, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस" म्हणत जायचं. एवढ्याशा बदलाने फरक पडतो हे अमेरिकेत तपासलेलं आहे, घरातला आकडा बोलत खेळणाऱ्या मुलांची संख्यारेषेची समज सुधारली, एक-दोन-तीन म्हणणाऱ्यांची नाही. आपल्या पटावर ओळी उलटसुलट वळतात त्यामुळे अगदी लहान मुलांना सरळ एका ओळीतला १ ते १० चा पट काढून द्या, तो जास्त कामाचा.

एक कराच, अंदाजाला "चूक" म्हणू नका. मुलांना गणितात एकच बरोबर उत्तर असतं ही इतकी सवय लागलेली असते की अंदाज विचारला की ती गुपचूप मोजायला लागतात, किंवा घाबरून पहिला सुचेल तो आकडा फेकतात. माझा अनुभव असा की हुशार, व्यवस्थित मुलं जास्त फेकतात, कारण त्यांना "साधारण" बोलायची परवानगीच कधी मिळालेली नसते. त्यांना दोन आकडे विचारा, "कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती". बघता बघता ती स्वतःच विचार करायला लागतात की पाचशे तर नक्की नसतील.

काळजी कधी करायची. तिसरी-चौथीत असूनही तीन दाणे बघून तीन म्हणता येत नाही, मोजावेच लागतात. ८ मोठा की ६ यावर थांबावं लागतं. ५ + २ अजून बोटांवर आणि तेही पहिल्या बोटापासून. घड्याळ, सुट्टे पैसे, काल शिकवलेलं आज गायब, आणि हे सगळं शिकवूनही महिनोन्‌महिने तसंच. असं असेल तर डिस्कॅल्क्युलियाची, म्हणजे गणित शिकण्यातल्या मुळातल्या अडचणीची, तपासणी करून घ्या. इटलीतल्या मानुएला पियाझा यांच्या २०१० च्या अभ्यासात डिस्कॅल्क्युलिया असलेल्या दहा वर्षांच्या मुलांची ठिपक्यांची नजर पाच वर्षांच्या मुलांएवढी निघाली होती, म्हणजे काही मुलांमध्ये काट्याचाच प्रश्न असतो. दुसऱ्या काही अभ्यासांत मात्र ठिपके ठीक आणि लिहिलेल्या आकड्यांशीच अडचण असं दिसलं, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत ही दुसरी मुलं जास्त असतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्कॅल्क्युलिया येतो, त्यामुळे सरकारमान्य हॉस्पिटलचं प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत सवलती मिळतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तुम्ही जे वर्णन केलंय, पाढे पाठ, हातच्याची बेरीज येते, त्यावरून मला तसं वाटत नाही, पण हे लांबून बोलतेय, शंका असेल तर दाखवून घ्या.

आणि सुधारणा मोजताना एक लक्षात ठेवा, चूक वजाबाकीने मोजू नका, पटीने मोजा. ८० दाण्यांना ६५ म्हणाला तर पंधराने चुकला असं म्हणू नका, ते उत्तर उत्तम आहे, मोठी माणसंही तेवढी चुकतात. ८ ला १६ म्हणाला तर आठानेच चुकला तरी दुप्पट चुकला. एका वहीत तारीख, वस्तू, अंदाज, खरा आकडा एवढे चार रकाने आखून द्या, त्यालाच भरू दे, आठवड्यातून दोन-तीन नोंदी पुष्कळ झाल्या. आधी अंदाज कधी चौपट कधी पाव असे उड्या मारतील, मग हळूहळू एकाच बाजूला यायला लागतील, बहुतेक कमीच्या बाजूला. तसं झालं की ३० किंवा ५० ची एक नवीन खूणगाठ दाखवा आणि परत सुरू करा.